ग्रामीण रुग्णालयात आधी सीटी स्कॅन, की आधी एक्स-रे आणि सोनोग्राफी धड? (तळकोकण)

तेरेखोल_काठ

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाबद्दल जाणकारांचं मत हवं आहे. रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कुणाला दोष देण्यासाठी हा धागा नाही.

रुग्णालय ३० खाटांचं. एक्स-रे मशीन जुनं, कॅसेट वापरून संगणकावर फोटो येतो असं. तंत्रज्ञाचं पद एकच, ते भरलेलं आहे आणि माणूस मनापासून काम करणारा आहे. पण तो दुपारी घरी गेला, रजेवर गेला की एक्स-रे बंद. सोनोग्राफीचं मशीन आहे, ते चालवणारा कायमचा डॉक्टर नाही. आठवड्यातले ठरलेले दिवस बाहेरून डॉक्टर येतात. त्या दिवशी बायका सकाळी सातपासून पाण्याची बाटली घेऊन बाकावर बसलेल्या असतात.

आता एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) सीटी स्कॅन मशीन द्यायला तयार झाली आहे. खोली आणि विजेचा खर्च जिल्हा नियोजन समितीकडून मिळेल असं बोललं जातंय. गावात आनंद आहे, बॅनरची भाषाही सुरू झाली. मी रुग्ण कल्याण समितीवर नागरिकांच्या बाजूने आहे आणि पुढच्या बैठकीत हा विषय आहे. माझं मत असं की आधी चोवीस तास एक्स-रे, त्याचा त्याच दिवशी रिपोर्ट आणि रोज सोनोग्राफी मागावी, सीटी नंतर. बाकीचे म्हणतात, "मिळतंय ते घे, नंतर कोण देणार?" त्यांचं म्हणणंही सोडून देण्यासारखं नाही. या क्षेत्रातल्या लोकांनी कृपया खरं काय ते सांगावं.

बागायतदार

मी सीटीच्या बाजूने. आमच्याकडे काजूच्या आणि आंब्याच्या हंगामात झाडावरून पडणारे किती असतात ते सगळ्यांना माहीत आहे. माडावरून पडलेला माणूस, नाहीतर हायवेवर मोटारसायकल घसरलेला पोरगा. डोक्याला मार आहे म्हटलं की ग्रामीण रुग्णालय हात लावत नाही, १०८ बोलावून ओरोसला (जिल्ह्याच्या ठिकाणी) किंवा थेट गोव्यात बांबोळीला. तिथे सीटी होतो आणि बऱ्याच वेळा सांगतात, "काही नाही, घरी घेऊन जा." म्हणजे नॉर्मल आहे हे कळण्यासाठी एक रात्र आणि गाडीभाडं. इथेच सीटी असता तर? आणि ज्याच्या डोक्यात खरंच रक्तस्राव आहे त्याला नेमकं कुठे न्यायचं हेही इथेच ठरलं असतं, आधी एका ठिकाणी आणि मग दुसऱ्या ठिकाणी असं फिरवावं लागलं नसतं.

२०१८ च्या सुरुवातीपासून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क सुरू झालं, तेव्हा आपल्याकडे केवढा उद्रेक झाला ते आठवा. दुसऱ्या राज्याच्या रुग्णालयावर आपण किती टेकलोय ते तेव्हा कळलं. तपासणी आपल्या तालुक्यात झालीच पाहिजे.

क्ष_तंत्रज्ञ

सरकारी रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून काम करतो (दुसऱ्या जिल्ह्यात). बागायतदार, तुमचं म्हणणं पटतं. पण सीटी म्हणजे टीव्ही नव्हे की आणला, प्लग लावला आणि चालू.

सीटीसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. साध्या एक्स-रेला नोंदणी पुरते, सीटीला परवानाच. आधी खोलीचा आराखडा मंजूर करून घ्यायचा, भिंतींची जाडी, शिसे घातलेला दरवाजा, कंट्रोल रूमची शिसेयुक्त काच हे सगळं त्यात येतं. किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी नेमायचा, कर्मचाऱ्यांना टीएलडी बॅज (अंगावर किती किरण पडले ते मोजणारे) द्यायचे आणि ते ठरल्या मुदतीत तपासणीला पाठवायचे, मशीनची गुणवत्ता चाचणी वेळच्या वेळी करायची. यातलं काहीही अशक्य नाही, पण प्रत्येक गोष्टीमागे माणूस लागतो.

आणि तोच खरा प्रश्न आहे. अपघात रात्री होतात. चोवीस तास सीटी चालवायचा तर तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्टी, रजा धरून किमान चार-पाच तंत्रज्ञ हवेत. तुमच्याकडे एक आहे. तो एकटा एक्स-रे, सीटी, पोलिस केसचे फोटो, वयाच्या दाखल्यांचे फोटो, रजिस्टर आणि ऑनलाइन एंट्री सगळं करणार? मग सीटीही सकाळी दहा ते एकच चालणार आणि झाडावरून पडलेला माणूस तरीही ओरोसलाच जाणार.

तेरेखोल_काठ, एक विचारायचं होतं. तुमचं एक्स-रे मशीन किती एमएचं (मिलिअँपिअर, म्हणजे मशीनची ताकद) आहे? १०० एमएचं असेल तर जाड माणसाच्या कमरेच्या मणक्याचा बाजूचा फोटो नीट येतच नाही, कितीही कुशल तंत्रज्ञ असो. माडावरून पडलेल्यांना नेमका तोच फोटो लागतो.

तेरेखोल_काठ

@क्ष_तंत्रज्ञ, विचारून आलो. १०० एमएचंच आहे. मणक्याच्या फोटोसाठी ते रुग्णाला बाहेर खाजगीत पाठवतात आणि पैसे रुग्णाच्या खिशातून जातात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून सगळं मोफत झालं, पण जे रुग्णालयात होतच नाही ते मोफत कसं मिळणार, हे गेले काही महिने मला सलतंय.

पुणे_रेडिओ

मी रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, सीटी वाचून रिपोर्ट देणारी डॉक्टर) आहे, पुण्यात. दूरच्या काही केंद्रांचे एक्स-रे आणि सीटी इथे बसून रिपोर्ट करते, म्हणून थोडं लांबट लिहिते.

फोटो काढणं आणि फोटो वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि ग्रामीण भागात दुसऱ्या कामाकडे कुणाचं लक्षच नसतं. रुग्णाच्या हातात फिल्म देतात, रिपोर्ट नाही. कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर फिल्म खिडकीसमोर धरतो, मोबाईलवर फोटो काढतो आणि ओळखीच्या डॉक्टरला पाठवतो. मोडलेलं हाड त्यात दिसतं. पण छातीच्या एक्स-रेमध्ये हृदयामागे लपलेला न्यूमोनिया, फुप्फुसाच्या टोकाशी असलेला टीबीचा छोटा डाग, बरगडीमागची हवेची पातळ फट, हे त्या फोटोत हरवून जातं. तुमच्याकडे पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) असतो. लेप्टोत फुप्फुसात रक्तस्राव सुरू झाला की रुग्ण तासातासाला खालावतो, आणि तो साध्या छातीच्या एक्स-रेवर ओळखता येतो. अट एवढीच की फोटो रात्रीही निघाला पाहिजे आणि तो पाहणारं कुणीतरी जागं असलं पाहिजे.

डिजिटल रेडिओग्राफीचं मशीन आलं तर फोटो मूळ स्वरूपात थेट नेटवरून जातो. छातीचा एक फोटो साधारण १०–२० एमबी. तुमच्याकडच्या नेटवरही जाईल. सीटीचा अभ्यास शेकडो चित्रांचा असतो, त्याला बरी लाइन लागते, पण तोही दुरून वाचता येतो. सोनोग्राफी मात्र दुरून होत नाही. तिथे प्रोब (अंगावर फिरवायचं यंत्र) धरणाऱ्या हातातच सगळं ज्ञान असतं, साठवलेल्या चार चित्रांवरून मी पुण्यात बसून काही सांगू शकत नाही. म्हणून सोनोग्राफीला माणूस तिथेच हवा. तुमच्या मागणीत हा फरक स्पष्ट लिहा, नाहीतर "टेलिरेडिओलॉजी (दुरून रिपोर्ट) करू" या एका वाक्यात सोनोग्राफीही गुंडाळली जाईल.

किरणांबद्दलही बोलायला हवं. छातीच्या एका एक्स-रेला साधारण ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट इतकी किरणांची मात्रा लागते, पोटाच्या सीटीला ८ ते १०. गरज असेल तेव्हा सीटीचा फायदा या धोक्याहून कितीतरी मोठा असतो. पण सोनोग्राफीवाला डॉक्टर नाही आणि सीटी शेजारच्या खोलीत आहे, अशी स्थिती झाली की पोटदुखीच्या प्रत्येक मुलाचा सीटी होऊ लागतो. मूतखडा, अपेंडिक्स, पित्ताशयाचे खडे यांची सुरुवात सोनोग्राफीनेच व्हायला हवी, मुलांमध्ये आणि तरुण बायकांमध्ये तर नक्कीच. सीटी आधी आणि सोनोग्राफी नंतर हा क्रम मला म्हणूनच भीतीदायक वाटतो.

गावकार

तुमचा सगळा बरोबर आसा, पण रातचो विचार कोण करता? पोटात दुखाक लागला तर ता काय सकाळी धा वाजता दुखाचा म्हणान थांबता? गाडी करूची, ओरोसाक जावचा, थयसून परत पाठयले तर बांबोळेक. गाडीवालो रातचो दुप्पट घेता. गरीब माणूस सोन्याची माळ गहाण ठेवता नायतर घरातच सोसता. माका सीटी नको आणि एमआरआय नको. डॉक्टर रातचो आसा आणि मशीन चालता, येवढा जरी झाला तरी गाव तुमका देव म्हणतला.

डॉ_प्रसूती

स्त्रीरोगतज्ज्ञ, उपजिल्हा रुग्णालयात काम केलेलं. सोनोग्राफीचा मुद्दा मी सविस्तर मांडते, कारण या धाग्यात तो सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं.

सोनोग्राफीला किरणोत्सर्ग नाही, म्हणून अणुऊर्जा मंडळाचा संबंध नाही. पण १९९४ चा गर्भलिंग निदानविरोधी कायदा (पीसीपीएनडीटी) लागू आहे आणि तो सरकारी रुग्णालयालाही तितकाच लागू आहे. केंद्राची नोंदणी पाच वर्षांची, मशीनची नोंद त्यात, मशीन चालवणाऱ्या डॉक्टरचं नावही त्यात. प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची नोंद असलेला एफ फॉर्म, दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत अहवाल. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच, देशाच्या आधी, असा कायदा केला होता आणि त्याचा मला अभिमान आहे. मुलींचा जीव वाचवणारा कायदा आहे तो. "कायद्यामुळे सोनोग्राफी बंद पडते" असं कुणी बैठकीत म्हणालं तर कृपया ठामपणे खोडून काढा. कायदा मशीन बंद ठेवायला सांगत नाही. पात्र माणसाने, नोंद ठेवून चालवायला सांगतो.

पात्र कोण? रेडिओलॉजिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि २०१४ च्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा दिलेला एमबीबीएस डॉक्टर. तुमच्या तालुक्याचं उत्तर या तिसऱ्यात आहे. रेडिओलॉजिस्ट ३० खाटांच्या रुग्णालयात कायमचा येणार नाही, हे मान्य करून चालावं. पण तिथे आधीच राहणाऱ्या, तिथल्याच एखाद्या वैद्यकीय अधिकाऱ्याला सहा महिन्यांसाठी प्रशिक्षणाला पाठवा, त्या काळात बदली डॉक्टर द्या आणि परत आल्यावर त्याची बदली काही वर्षं करू नका. यातल्या शेवटच्या अटीसाठी भांडा. प्रशिक्षण झालं की दुसऱ्या तालुक्यात बदली, हे मी पाहिलेलं आहे.

१८ ते २० आठवड्यांतली व्यंग तपासणी तालुक्यात होत नाही म्हणून बायका ती पुढे ढकलतात. मग २५व्या-२६व्या आठवड्यात कळतं की बाळाचा मेंदू नीट तयार झालेला नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताची मर्यादा ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी २४ आठवडे आहे, त्यापुढे गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. त्या बाईला मंडळासमोर उभं राहावं लागतं ते फक्त वेळेवर एक तपासणी झाली नाही म्हणून. वार खाली असणं, गर्भनलिकेतला गर्भ, हेही आधी कळलं तर जीव वाचतो. गर्भनलिका फुटल्यावर घाट उतरायला वेळ नसतो.

सुरंगी

मी आशा आहे. डॉक्टर मॅडमनी लिहिलं ते अगदी खरं. दर महिन्याच्या ९ तारखेला मातृत्व अभियानात आम्ही गरोदर बायका घेऊन जातो. तिथे वजन, रक्तदाब, रक्त सगळं होतं आणि सोनोग्राफीसाठी चिठ्ठी मिळते. त्या चिठ्ठीवर बाई पुन्हा दुसऱ्या दिवशी एकटी जाईल का? तिची मजुरी बुडते, घरी लहान मूल असतं, नवरा मुंबईला. सासू म्हणते आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं.

मला एवढंच म्हणायचंय की ९ तारखेला आणि सोनोग्राफीला एकच दिवस असू द्या. पहिल्यांदा हे मागा. याला मशीन लागत नाही.

बागायतदार

सुरंगीताई, हे खरंच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि तंत्रज्ञांचा पाळ्यांचा हिशेबही पटला. पण पक्षाघाताचं काय? तिथे तर सीटीशिवाय औषधच देत नाहीत म्हणतात. माझे काका असेच राहिले.

वरोरा_डॉक्टर

फिजिशियन, विदर्भ. बागायतदार, काकांबद्दल वाईट वाटलं.

पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते, नाहीतर तेच औषध जीव घेतं. म्हणजे सीटी, ते औषध, ते देणारा फिजिशियन आणि नंतर लक्ष ठेवायला खाट, हे चारही एका छताखाली हवं. ग्रामीण रुग्णालयात नुसता सीटी ठेवला तर रक्तस्राव आहे की नाही एवढं कळेल आणि औषधासाठी पुन्हा प्रवास, त्यात वेळ संपेल.

पण हे मोठ्या शहराबाहेर होतच नाही असं मात्र समजू नका. हिमाचल प्रदेशात २०१४ पासून न्यूरॉलॉजिस्ट (मेंदूविकारतज्ज्ञ) नसलेल्या रुग्णालयांमधले डॉक्टर सीटीची चित्रं व्हॉट्सअ‍ॅपवर शिमला आणि टांडा इथल्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवतात आणि त्यांच्या सल्ल्याने इंजेक्शन देतात. औषध सरकारतर्फे मोफत. डोंगर, घाट, बर्फ, सगळं असताना. मोबाईलवर पाठवलेल्या फोटोबद्दल पुणे_रेडिओ यांनी लिहिलंय ते एक्स-रेच्या बारकाव्यांना लागू आहे, इथे प्रश्न मर्यादित असतो आणि पलीकडे ठरलेला तज्ज्ञ फोन उचलायला बसलेला असतो. तुमच्या घाटांसाठी हे उदाहरण शंभर टक्के लागू पडतं. म्हणून सीटी मागाच, पण उपजिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर, जिथे फिजिशियन आहे, आणि औषधासकट मागा.

टीबीबद्दलही एक. हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रं आता क्षयरोग मोहिमेत गावागावात फिरतात. ७ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेल्या १०० दिवसांच्या मोहिमेत ती वापरली गेली. संगणकाने छातीचा फोटो वाचून टीबीचा संशय दाखवायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली, १५ वर्षांवरच्यांसाठी. लहान मुलांच्या फोटोवर त्यावर विसंबू नका. आणि संशय दिसला तर थुंकीची तपासणी होऊनच निदान, हे विसरू नका.

लीड्सकर

मी मूळचा कुडाळचा, गेली अनेक वर्षं इंग्लंडमध्ये रेडिओग्राफर (म्हणजे एक्स-रे तंत्रज्ञ). इथेही रेडिओलॉजिस्ट कमी आहेत. २०२१ पासून मोठ्या रुग्णालयांबाहेर, बाजारपेठांजवळ वगैरे तपासणी केंद्रं उभी केली, म्हणजे तपासणीसाठी रुग्णाला मोठ्या रुग्णालयात जावं लागू नये. आणि मुख्य म्हणजे इथे अनुभवी रेडिओग्राफरना पदव्युत्तर शिक्षण देऊन ते स्वतः एक्स-रेचे रिपोर्ट लिहितात. आपल्याकडे कायद्याने तसं नाही, मागूही नका. पण तंत्रज्ञाने फोटो काढल्यावर "इथे मला काहीतरी दिसतंय" अशी खूण करून डॉक्टरला लगेच दाखवण्याची पद्धत तर कुठेही सुरू करता येईल. त्यासाठी तंत्रज्ञाच्या शब्दाला रुग्णालयात मान हवा. भारतात २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी वेगळा कायदा आला, तेव्हा मला फार आनंद झाला होता. या लोकांना व्यावसायिक म्हणून ओळख मिळणं ही छोटी गोष्ट नाही.

विजेचा_माणूस

महावितरणमधून निवृत्त. वैद्यकीय काही कळत नाही, पण तळकोकणात जून ते सप्टेंबर वीज कशी असते ते कळतं. एक्स-रे मशीन फोटो काढताना क्षणभर मोठा करंट ओढतं. लांबच्या फीडरच्या शेवटी व्होल्टेज पडलेला असेल तर मशीन ट्रिप होतं किंवा फोटो फिका येतो आणि मग पुन्हा काढावा लागतो. रुग्णालयाला वेगळा ट्रान्सफॉर्मर आहे का ते आधी बघा. थ्री फेज, चांगलं अर्थिंग, स्टॅबिलायझर आणि जनरेटर यांचा अंदाज मशीनच्या प्रस्तावातच घाला. नंतर वेगळा प्रस्ताव करायचा म्हटलं की दोन पावसाळे जातात. खोलीत एसी आणि दमटपणा काढणारं यंत्रही लिहा, आपल्या हवेत इलेक्ट्रॉनिक्सला बुरशी धरते.

तेरेखोल_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं छापून घेऊन वैद्यकीय अधीक्षकांना दाखवलं. त्यांनी नीट वाचलं आणि म्हणाले, "हे मला वरिष्ठांना सांगता येत नाही, समितीने सांगितलं तर सांगता येईल." म्हणून मागणीचा मसुदा असा करतोय.

कंपनीला विनंती करायची की तेच पैसे तालुक्यात डिजिटल एक्स-रे मशीन (५०० एमए), विजेची पूर्ण व्यवस्था आणि खोली यासाठी द्यावेत, आणि उरलेले उपजिल्हा रुग्णालयाच्या सीटीसाठी. शासनाकडे मागायचं ते तंत्रज्ञाचं दुसरं आणि तिसरं पद, जिल्ह्याच्या ठिकाणी एक्स-रे वाचून त्याच दिवशी रिपोर्ट देण्याची व्यवस्था, एका वैद्यकीय अधिकाऱ्याला सोनोग्राफीचं प्रशिक्षण आणि त्यानंतर बदलीतून सूट. ९ तारखेची सोनोग्राफी तर पुढच्याच महिन्यापासून सुरू करायला अधीक्षक तयार आहेत. बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांचा दिवस बदलून घेतील.

कंपनीला सीटीच्या जागी एक्स-रे मशीन म्हटल्यावर उत्साह राहील का, ही धास्ती आहे. सीटीच्या उद्घाटनाचा फोटो मोठा येतो.

क्ष_तंत्रज्ञ

राहील, नीट समजावलं तर. त्यांना रुग्णालयाचं रजिस्टर दाखवा. गेल्या वर्षी किती रुग्णांना मणक्याच्या फोटोसाठी बाहेर पाठवलं, किती जणांना रात्री एक्स-रे नाही म्हणून पुढे पाठवलं, ते त्यातून निघेल. रेफरल रजिस्टरमध्ये कारण लिहिलेलं असतं. तो आकडा तुमच्याच तालुक्याचा असेल आणि त्याला कुणी नाही म्हणू शकणार नाही.

मसुद्यात अजून दोन गोष्टी घाला. देखभालीचा करार वॉरंटी संपल्यावर पुढच्या पाच वर्षांसाठी आत्ताच किमतीत धरा, सुट्या भागांसकट. मशीन दान मिळतं आणि तिसऱ्या वर्षी एका भागासाठी झाकून ठेवावं लागतं, असं अनेक ठिकाणी होतं. दुसरं, शिशाचे एप्रन किमान ०.२५ मिमीचे, दोन तरी, आणि ते टांगायचा स्टँड. घडी घातली की आतून तडे जातात. बाळाला धरून उभ्या राहणाऱ्या आईसाठी एक वेगळा, हलका.

डॉ_प्रसूती

आणि गर्भवती आहे का हे प्रत्येक बाईला विचारण्याची पाटी, मराठीत, एक्स-रेच्या दारावर. मसुदा इथे टाकलात तर सोनोग्राफीचा परिच्छेद मी लिहून देते. प्रशिक्षणासाठी कोणत्या वैद्यकीय महाविद्यालयात जागा आहे त्याची चौकशी बैठकीआधी करून ठेवा. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पहिला फोन तिथे करा.

तेरेखोल_काठ

उद्या सकाळी करतो. मसुदा रात्री टाकतो इथे.